सात लिटरची बढाई

छोट्या गेमिंग कॉम्प्युटरच्या केसची कुठलीही जाहिरात उघडा, पहिला आकडा लिटरचा असतो. दहा लिटर, सात लिटर, आता तर पाचाच्याही आत. प्रोसेसर किती तापेल, ग्राफिक्स कार्डाचे पंखे किती ओरडतील, चोवीस पिनांची केबल वळवताना बोटं कुठे घालायची, यातलं एक अक्षर त्या खोक्यावर छापलेलं नसतं. मी पत्र्याच्या कामातला माणूस आहे. केस, पॅनल, कंट्रोल बॉक्स यांची ड्रॉइंग काढायची आणि भोसरीतल्या शॉपमधून ते जॉब करून घ्यायचे, हा माझा रोजचा धंदा. या धंद्यातून पाहतो तेव्हा मला स्पष्ट दिसतं, की लिटरचा आकडा ही डिझाइनमधून अंग काढून घ्यायची सबब झाली आहे.

छोटी केस हवीच. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला टेबलाचा अर्धा कोपरा मिळतो. मुंबईच्या वन-आरकेत अख्खा टॉवर ठेवला तर कपाटाचं दार उघडत नाही. दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलायची, सुट्टीत मशीन घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने अकोल्याला किंवा जळगावला घरी जायचं, अशा मुलांसाठी लहान केस ही गरज आहे. म्हणूनच मला चीड येते. या मुलांना पैसे मोजून जे मिळतं ते प्रदर्शनात काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी काढलेलं असतं, मे महिन्यात चालवण्यासाठी नव्हे.

हे काम नीट करता येतं, याचे पुरावे आपल्यासमोर आहेत. व्हिया कंपनीने २००१ साली मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला, १७० बाय १७० मिलिमीटर. नेहमीचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४. म्हणजे बोर्डाचं क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांच्याही खाली आलं. एनकेस एम-१ ही १२.६ लिटरची केस आली तेव्हा तिच्यात पूर्ण लांबीचं कार्ड आणि बाजूला २४० मिमीचा रेडिएटर बसत होता. मग २०१६ मध्ये जर्मनीच्या डॅन केसेसने लोकांकडून आगाऊ पैसे उभे करून ए-४ काढली, साधारण सव्वासात लिटरची. तिचा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. तो आकडा कशामुळे आला, हे फार थोड्यांनी पाहिलं. बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे केले, मधे दोघांना जोडणारी रायझर केबल टाकली, म्हणजे कार्डाचे पंखे एका बाजूच्या जाळीला आणि प्रोसेसरचा पंखा दुसऱ्या बाजूच्या जाळीला थेट भिडले. दोघांनाही बाहेरची ताजी हवा, स्वतःच्या दारातून. कूलरच्या उंचीला ४८ मिमीची मर्यादा होती, आणि ती सरळ सांगितलेली होती. आधी हवेची वाट ठरली, मग पत्रा वाकवला. नंतरच्यांनी मात्र सात हा आकडा तेवढा उचलला आणि सहा कसा करता येईल याच्या मागे लागले.

आता खरा हिशेब मांडतो. खेळताना मशीन ४०० वॅट खेचत असेल तर ते सगळेच्या सगळे ४०० वॅट उष्णता होऊन केसमध्ये सुटतात. आत शिरलेली हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला साधारण ३३ लिटर हवा आत-बाहेर झाली पाहिजे. सव्वासात लिटरच्या केसमधली अख्खी हवा एका सेकंदात साडेचार वेळा बदलायला हवी! केस पाच लिटरची केली म्हणून हे ३३ लिटर कमी होत नाहीत. उष्णतेला तुमच्या लिटरशी देणंघेणं नाही, तिला वॅट कळतात. केस जितकी लहान तितकं जाळीचं क्षेत्रफळ कमी, आणि त्याच कमी क्षेत्रफळातून तितकीच हवा ओढायची. म्हणजे डिझायनरचं निम्मं डोकं जाळीवर खर्च व्हायला हवं. प्रत्यक्षात जाळी शेवटी येते, लोगो कुठे बसवायचा ते ठरल्यावर.

ही जाळी जरा जवळून पाहा. ३ मिमीची गोल भोकं, तिरप्या ओळींत, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ५ मिमी, म्हणजे ५ चा पिच. दिसायला छान, भरगच्च. पण त्यात उघडी जागा फक्त ३३ टक्के. उरलेला दोनतृतीयांश भाग बंद पत्रा. तेच अंतर ५ ऐवजी ४ मिमी केलं की उघडी जागा ५१ टक्क्यांवर जाते. एक मिलिमीटर! मग हे होत का नाही? कारण पैसा. बाजूच्या पॅनलवर भोकांसाठी समजा १८० बाय २९० मिमी जागा मिळाली, तर ५ च्या पिचला सुमारे २,४०० भोकं लागतात आणि ४ च्या पिचला ३,७५०. लेझरवर प्रत्येक भोक म्हणजे एक वेगळं छेदन, तेवढा मशीनचा वेळ, आणि इतकी भोकं पाडली की पत्रा तापून डोलतो, मग तो सपाट करायचं काम वेगळं. पर्चेसवाल्याला हा खर्च दिसतो. ग्राहकाच्या खोलीतला आवाज त्याला ऐकू येत नाही. त्यावर पावडर कोटिंगचा साधारण ८० मायक्रॉनचा थर भोकाच्या आतल्या कडेलाही बसतो, म्हणजे ३ मिमीचं भोक २.८४ चं होतं आणि उघडी जागा आणखी दहाव्या हिश्शाने घटते. त्याच्या आतून धुळीची बारीक जाळी लावली की ३३ टक्क्यांतलं काय उरलं ते विचारू नका. ड्रॉइंगवर कोटिंगची जाडी धरलेली नसते हे मी रोज पाहतो. तयार झालेलं पॅनल खाचेत बसत नाही म्हणून कानशीने घासणारा कामगारही रोज पाहतो.

जाळी आणि पंखा यांच्यातलं अंतर हा दुसरा गुन्हा. पंखा जाळीला चिकटला की हवा भोकांच्या कडांवर फाटते आणि शिटीसारखा आवाज येतो. फार मागे राहिला तर मधल्या फटीतून आतली तापलेली हवाच पुन्हा ओढली जाते. मशीन स्वतःचाच उच्छ्वास परत छातीत घेत राहतं. यावर उपाय साधा आहे: थोडं अंतर ठेवायचं आणि पंख्याभोवती फोमची किंवा प्लॅस्टिकची कड देऊन फट बंद करायची. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआने आपल्या बुटक्या कूलरसाठी नेमकी अशी फोमची कडी वेगळी विकायला काढली. कूलर बनवणारी कंपनी हे करते, कारण केस बनवणाऱ्यांनी ते केलं नाही. दहा-पंधरा हजारांच्या केसमध्ये फोमची एक पट्टी देववत नाही आणि रंगीत काचेचं पॅनल मात्र देववतं! छोट्या केसमध्ये कार्डाच्या पंख्यांसमोर काच बसवणाऱ्याला मी डिझायनर म्हणणार नाही.

आणि तपासणी कुठे होते? एसी लावलेल्या, वीस-बावीस अंशांच्या खोलीत. त्या खोलीत कार्ड ७२ अंशांवर राहिलं की शेरा मिळतो, ‘थर्मल्स उत्तम’. नागपूरला मे महिन्यात बाहेर ४५ असतात. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली दुपारी ३८-४० अंशांवर असते. खोली १८ अंशांनी तापली की, पंखे त्याच वेगाने फिरत असतील तर, आतला प्रत्येक भाग जवळपास तितकाच वर सरकतो. ७२ चे ९० झाले. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांची कमाल मर्यादा तिथेच येते. त्यापुढे कार्ड स्वतःचा वेग कापून घेतं. मुलाने पूर्ण वेगाचे पैसे मोजले, त्याला मिळालं कापलेलं. वर सगळे पंखे पूर्ण वेगाने, त्याच खोलीत झोपलेल्या दुसऱ्या माणसाच्या उशाशी. आशियातल्या उन्हाळ्यात माल विकायचा आणि कसोटी थंड हवेत घ्यायची, ही ग्राहकाची सरळसरळ फसवणूक आहे.

कार्डवाल्यांनाही मोकळं सोडता येत नाही. २०१५ मध्ये एएमडीने आर-९ नॅनो काढलं होतं, जेमतेम १५ सेंटिमीटर लांबीचं, १७५ वॅटचं. एनव्हिडियाचं स्वतःचं ४०९० आलं ते ३०४ मिमी लांब, तीन स्लॉट जाड आणि ४५० वॅटचं. इतर कंपन्यांनी त्याचे आणखी जाड अवतार काढले. पूर्वीची ब्लोअर कार्डं गरम हवा मागच्या फटीतून केसबाहेर फेकत. ती आवाज करायची हे खरं, पण छोट्या केसला ती सोयीची होती. २०१८ पासून एनव्हिडियानेही आपल्या कार्डांवर उघडे पंखे बसवले, आणि गरम हवा केसमध्ये सोडून देणं हाच रिवाज झाला. आता कार्डातून आरपार हवा जाणारी रचना आली आहे. मोठ्या केसमध्ये ती अप्रतिम चालते. पाठीला पाठ लावलेल्या रचनेत मात्र ती हवा थेट मधल्या पत्र्यावर आणि पॉवर सप्लायवर आदळते. नव्या केसच्या मधल्या पत्र्याला तिथे खिडकी हवी, हे कळायला संशोधन लागत नाही. तरी खिडकी नसलेल्या केस आजही विकल्या जातात.

लिटरचा आकडा तरी खरा असतो का? पाय धरत नाहीत, स्क्रूची डोकी धरत नाहीत. काही केस तर पॉवर सप्लाय बाहेर ब्रिकच्या रूपात टेबलाखाली टाकतात आणि आतलं घनफळ मिरवतात. कार्डाच्या उंचीचं तर विचारूच नका. कार्ड १४० मिमी उंच असेल तर ‘१४५ मिमीपर्यंतचं कार्ड बसतं’ असं बिनदिक्कत लिहितात. त्या कार्डाच्या वरच्या कडेत सोळा पिनांचा वीजजोड असतो. ४०९० च्या वेळी हे जोड वितळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा जोडापासून साधारण ३५ मिमी वायर सरळ ठेवा, तिथे वाकवू नका, असा सल्ला सगळीकडे दिला गेला. १४० अधिक ३५ म्हणजे १७५, वळण त्याच्यावर वेगळं. मग १४५ मध्ये ते बसतं कसं? बाजूचं पॅनल दाबून बसवलं की बसतं. वायरीवर सतत पॅनलचा दाब असलेला, पन्नास अँपियरपर्यंत प्रवाह वाहू शकणारा जोड, झोपायच्या खोलीत.

कुणाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर एनझेडएक्सटीची एच-१ आठवा. २०२० मध्ये आलेली, उभी, देखणी केस. तिच्यात रायझरचा छोटा सर्किट बोर्ड स्क्रूने सांगाड्याला बसवला होता, आणि स्क्रूचं भोक व बोर्डातला वीजवाहक थर यांच्यात पुरेसं अंतर नव्हतं. स्क्रूने तो थर खरवडला की शॉर्टसर्किट. काही मशीन पेटली. कंपनीने आधी नायलॉनचे स्क्रू पाठवले, म्हणजे दोष जागच्या जागी राहिला. पुढे २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगामार्फत तिथल्या सुमारे ३२,००० केस परत बोलावल्या गेल्या. जागा आखडती घेतली की प्रत्येक स्क्रू, प्रत्येक कड आणि प्रत्येक अंतर दुप्पट काळजीने तपासावं लागतं. ती काळजी घेण्याची ऐपत नसेल तर मोठी केस काढा, त्यात कमीपणा नाही. २०२० चीच कूलर मास्टरची एनआर-२०० साधारण अठरा लिटरची आहे, स्वस्त आहे, आणि तिच्यात हात जातो.

इथे काही जण एक्सबॉक्सचा दाखला देतात. मायक्रोसॉफ्टने सीरिज एक्स सात लिटरच्या आत बसवला, मग पीसीला काय धाड भरली? त्या डब्यात बोर्डाचे दोन तुकडे करून मधल्या ॲल्युमिनियमच्या दोन अंगांना लावले आहेत, माथ्यावर १३० मिमीचा एकच मोठा पंखा आहे आणि सगळी हवा खालून वर जाते. प्रत्येक भाग त्यांनी स्वतः त्या एका पंख्यासाठी आखला. आपल्या केसमध्ये बोर्ड एकाचा, कार्ड दुसऱ्याचं, सप्लाय तिसऱ्याचा, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. त्यांचा मेळ घालणं हेच केसच्या डिझायनरचं काम आहे. तेच टाळून लिटरची बरोबरी करायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

माझ्याकडे अधूनमधून तरुण मुलं स्वतःच्या केसची ड्रॉइंग घेऊन येतात. हुशार असतात, मेहनती असतात, आणि थ्रीडी मॉडेल इतकं देखणं असतं की मोह पडावा. मॉडेलमध्ये केबल नसतात. एसएफएक्स सप्लायची पेटी १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमी बरोबर काढलेली असते, पण तिच्या तोंडातून निघणाऱ्या जाड वायरींच्या जुडग्याला वळायला जागाच ठेवलेली नसते. बेंडच्या रेषेला खेटून भोक काढलेलं असतं, ते पत्रा वाकवताना लांबट होणार. पॅनलला सगळीकडे कोटिंग, अर्थिंगसाठी उघडा धातू कुठेच नाही. म्हणून मी आता आधी तीन गोष्टी मागतो: हवा कुठून येऊन कुठे जाते त्याचा बाण, सगळ्या केबल खऱ्या जाडीने काढलेलं मॉडेल, आणि पुठ्ठ्याच्या डमीत स्वतःच्या हाताने एकदा पूर्ण मशीन जोडल्याचे फोटो. हे येईपर्यंत ड्रॉइंग लेझरवर जात नाही. आणि आलं की मी केसचं घनफळ विचारत नाही. चाळीस अंशांच्या खोलीत, पूर्ण भारावर, तासाभराने कार्ड किती तापलं ते विचारतो.