दुसऱ्या जोडीचा प्रश्न

मे २०१४ मध्ये दिल्लीच्या सिरी फोर्ट क्रीडा संकुलात उबर चषकाच्या उपान्त्य लढतीत भारतीय महिला संघ जपानविरुद्ध २-० असा आघाडीवर होता. सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांनी आपापले एकेरीचे सामने जिंकले होते. उरलेल्या तीनपैकी एक सामना जिंकला असता, तर भारताने प्रथमच अंतिम फेरी गाठली असती. परंतु ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा ही आपली अनुभवी जोडी हरली, तिसऱ्या एकेरीत पी. सी. तुलसी यांनाही हार पत्करावी लागली आणि लढत २-२ अशी येऊन ठेपली. पाचवा सामना दुसऱ्या दुहेरीचा होता. त्यासाठी भारताने कोणती जोडी उतरवली? सायना आणि सिंधू यांचीच. देशातील दोन सर्वोत्तम एकेरी खेळाडू, पण जोडी म्हणून एकमेकींना जवळपास अनोळखी. त्या हरल्या. उबर चषकातील पहिले कांस्यपदक मिळाल्याचा आनंद देशभर झाला, तो योग्यही होता. मात्र, एवढ्या मोठ्या देशाकडे निर्णायक क्षणी दुसरी जोडी का नव्हती, हा प्रश्न त्या आनंदात विरून गेला.

भारतीय बॅडमिंटन संघाचा आंतरराष्ट्रीय इतिहास हा मोठ्या प्रमाणात या न सापडलेल्या जोडीचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

सांघिक स्पर्धेचे गणित साधे आणि निष्ठुर असते. पुरुषांचा थॉमस चषक आणि महिलांचा उबर चषक यांत तीन एकेरी व दोन दुहेरी सामने असतात. मिश्र संघांच्या सुदिरमन चषकात एकेरीचे दोनच आणि दुहेरीचे तीन. पूर्वी थॉमस चषकाची लढत नऊ सामन्यांची असे, त्यात पाच एकेरी आणि चार दुहेरी. या रचनेत जगज्जेता एकेरीपटूसुद्धा आपल्या देशाला एकेरीचा एकच सामना जिंकून देऊ शकतो. व्यक्तिगत स्पर्धेत देशातील सर्वांत उंच शिखर मोजले जाते. सांघिक स्पर्धा पठाराची उंची मोजते. धोरणाच्या दृष्टीने दुसरे मोजमाप अधिक बोलके आहे, कारण शिखर हे पुष्कळदा एखाद्या कुटुंबाच्या त्यागाचे फळ असते आणि पठार मात्र व्यवस्थेलाच घडवावे लागते.

सुरुवात वाईट नव्हती. या खेळाच्या आरंभीच्या नियमांशी पुण्याचे नाव जोडलेले आहे आणि काही काळ हा खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जात होता. पण त्या अभिमानाचा गुणफलकावर काही उपयोग नसतो. भारतीय बॅडमिंटन संघटना १९३४ साली स्थापन झाली. थॉमस चषक सुरू झाल्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १९५२ आणि १९५५ मध्ये, भारताने स्पर्धेचा उपान्त्य टप्पा गाठला. त्या पिढीचे नायक सांगलीचे नंदू नाटेकर होते. १९५६ साली क्वालालंपूरमध्ये सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. थॉमस चषकातील त्यांची कामगिरी मात्र फारशी आठवली जात नाही: एकेरीच्या १६ पैकी १२ सामन्यांत विजय, दुहेरीच्या १६ पैकी ८ सामन्यांत. एकाच खेळाडूच्या या दोन आकड्यांतले अंतर पुढच्या सात दशकांची चाहूल देणारे आहे.

१९७९ मध्ये जकार्तात भारत पुन्हा अखेरच्या चार संघांत पोहोचला. तो काळ प्रकाश पदुकोण यांचा होता. बंगळुरूतील एका मंगल कार्यालयाच्या सभागृहात खेळ शिकलेल्या पदुकोण यांनी १९८० साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर तोलामोलाच्या खेळाडूंसोबत सराव मिळावा म्हणून डेन्मार्क गाठले. देशातील सर्वोत्तम खेळाडूला सरावासाठी देश सोडावा लागतो, यात संघाबद्दल जे कळायचे ते कळते. आपल्याकडे दुहेरीचे कौशल्यच नव्हते, असेही म्हणता येत नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताने बॅडमिंटनमध्ये पाच कांस्यपदके मिळवली. त्यात पुरुष दुहेरीत लेरॉय डिसा आणि प्रदीप गंधे यांची जोडी होती, मिश्र दुहेरीत डिसा आणि कंवल ठाकूर सिंग यांची. दोन्ही संघांनाही पदके मिळाली. पण या पिढीनंतर तिची जागा घेणारी जोडी तयार करण्याची कोणतीही यंत्रणा उभी राहिली नाही.

ती उभी राहिली नाही, याचे एक कारण आपल्या यशाच्या स्वरूपातच आहे. पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड जिंकली आणि २००८ मध्ये हैदराबादेत अकादमी सुरू केली. जागा तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने दिली, पण इमारतीसाठी त्यांना कुटुंबाचे घर गहाण ठेवावे लागले. भारतीय बॅडमिंटनचा नंतरचा उत्कर्ष हा या अकादमीचा आणि बंगळुरूच्या पदुकोण अकादमीचा आहे. मर्यादित कोर्ट, मर्यादित प्रशिक्षक आणि प्रायोजकांकडे दाखवायला पदके हवीत, अशा स्थितीत कोणताही शहाणा प्रशिक्षक एकेरीवरच भर देईल. एकेरीत एक मूल घडवावे लागते, दुहेरीत दोन. आणि दोघांपैकी एकाने खेळ सोडला, की दुसऱ्याची वर्षेही वाया जातात. दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळणारी रक्कम एकेरीच्या विजेत्याच्या रकमेच्या जवळपास असली, तरी ती दोघांत विभागली जाते. ज्वाला गुट्टा यांनी दुहेरीकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल वर्षानुवर्षे जाहीर तक्रार केली. त्यांच्या स्वभावाची चर्चा अधिक झाली, तक्रारीची कमी. वास्तविक २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०११ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या जोडीतील खेळाडू हे बोलत होती.

परिणाम सुदिरमन चषकात दिसतो. १९८९ पासून चाललेल्या या स्पर्धेत भारताला आजवर एकही पदक नाही. २०११ आणि २०१७ मध्ये उपान्त्यपूर्व फेरी, ही आपली सर्वोच्च मजल. २०२१, २०२३ आणि २०२५ अशा लागोपाठ तीन स्पर्धांत आपण गटातच बाद झालो. म्हणजे थॉमस चषक जिंकण्यापूर्वीही आणि जिंकल्यानंतरही.

तो थॉमस चषक या विवेचनाला छेद देतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. १५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये भारताने १४ वेळच्या विजेत्या इंडोनेशियाला ३-० असे हरवले आणि हा चषक जिंकणारा तो केवळ सहावा देश ठरला. लक्ष्य सेन यांनी पहिला गेम ८-२१ असा गमावल्यावर अँथनी गिंटिंग यांना नमवले. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांनी पहिला गेम गमावून, दुसरा २३-२१ असा खेचून घेऊन सामना जिंकला. किदम्बी श्रीकांत यांनी जोनाथन ख्रिस्ती यांच्यावर मात करून चषकावर शिक्कामोर्तब केले. भारतीय सांघिक खेळाच्या इतिहासात या विजयाचे स्थान १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या शेजारी असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पण अंतिम लढतीच्या आधीच्या दोन लढती पाहा. मलेशियाविरुद्ध ३-२, डेन्मार्कविरुद्धही ३-२. दोन्ही वेळा लक्ष्य सेन हरले, दोन्ही वेळा आपली दुसरी जोडी हरली, आणि दोन्ही वेळा एच. एस. प्रणॉय यांनी पाचव्या सामन्यात संघाला तारले. डेन्मार्कविरुद्ध तर दुखावलेल्या घोट्यानिशी. दुसऱ्या जोडीतील तरुण खेळाडूंना दोष देण्याचे कारण नाही. ते जगातील अव्वल जोड्यांसमोर उभे होते. मुद्दा असा की, पाच खांबांपैकी एक नसतानाही ती इमारत उभी राहिली, कारण उरलेल्यांतून प्रत्येक वेळी तीन खांब सापडले. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत काय झाले, ते याच संदर्भात वाचले पाहिजे. अंतिम लढतीत भारत चीनविरुद्ध २-० असा आघाडीवर होता. प्रणॉय दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. श्रीकांत हरले, दुसरी जोडी हरली, तिसरा एकेरीपटू हरला. २-३. रौप्यपदक ऐतिहासिक होतेच, पण गणित सिरी फोर्टचेच होते. २०२४ च्या थॉमस चषकात चेंगडूमध्ये आपण उपान्त्यपूर्व फेरीत चीनकडूनच हरलो.

मग बँकॉकचा विजय शक्य कसा झाला? उत्तर बरेचसे पहिल्या जोडीत आहे आणि ती जोडी आपोआप जुळलेली नाही. २०१५ मध्ये मलेशियाचे टॅन किम हर भारताचे दुहेरीचे प्रशिक्षक झाले. आंध्रातील अमलापुरमचा एक उंच मुलगा आणि मुंबईचा एक उंच मुलगा यांना त्यांनी एकत्र खेळायला लावले. दोघेही मागून जोरकस स्मॅश मारणारे, दोघांनाही जाळ्याजवळ खेळण्याची सवय नाही, भाषाही वेगळी. टॅन यांनी हट्ट सोडला नाही. भारतीय बॅडमिंटनमध्ये कोणीतरी अधिकाराने, केवळ दुहेरीसाठी, दीर्घ विचार करून घेतलेला हा एक दुर्मीळ निर्णय होता आणि त्यातून पुढे जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचलेली जोडी मिळाली. पण टॅन २०१९ मध्ये निघून गेले. त्यानंतर इंडोनेशियाचे फ्लँडी लिंपेले आले, मग डेन्मार्कचे मथियास बो. पॅरिस ऑलिम्पिकनंतर बोही गेले आणि पुन्हा टॅन यांनाच बोलवावे लागले. एवढ्या वर्षांत एका जोडीने शिखर गाठले. तिच्या मागे दुसरी आणि तिसरी जोडी त्याच पद्धतीने घडवायची असेल, तर प्रशिक्षक निदान एक ऑलिम्पिक चक्रभर टिकला पाहिजे.

येथे अर्थशास्त्र्यांना आवडेल असा आक्षेप घेतला जातो: साधने तुटपुंजी आहेत, ऑलिम्पिकमध्ये सांघिक बॅडमिंटन नाही, मग जिथे पदक मिळते तिथेच पैसा का घालू नये? आपली तिन्ही ऑलिम्पिक पदके महिला एकेरीतील आहेत: २०१२ मध्ये सायना, २०१६ आणि टोकियोत सिंधू. परंतु हा युक्तिवाद आपल्याच पायावर उभा राहत नाही. ऑलिम्पिकमधील पाच सुवर्णपदकांपैकी तीन दुहेरीची असतात. एकेरीवर सर्व भिस्त ठेवणारा देश निम्म्याहून अधिक पदकांची स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच सोडून देतो. पॅरिसमध्ये लक्ष्य सेन कांस्यपदकाचा सामना हरले, सात्त्विक-चिराग उपान्त्यपूर्व फेरीत हरले आणि भारत रिकाम्या हाताने परतला, कारण पर्यायी आशास्थानेच मोजकी होती. शिवाय दुहेरीची कारकीर्द सहसा लांब चालते. बँकॉकच्या अंतिम लढतीत आपल्या जोडीसमोर इंडोनेशियाचे मोहम्मद अहसान होते, वय ३४. अश्विनी पोनप्पाही चौतिसाव्या वर्षी पॅरिसमध्ये खेळल्या.

साठ लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या डेन्मार्कने २०१६ मध्ये थॉमस चषक जिंकला. तिथल्या क्लब स्पर्धांत एकेरीबरोबर पुरुष, महिला आणि मिश्र दुहेरी खेळावीच लागते. म्हणजे तिथला मुलगा दुहेरी शिकतो, कारण त्याच्या क्लबला त्याच्याकडून ती हवी असते. आपल्याकडे क्लबची जागा खासगी अकादमीने घेतली आहे आणि अकादमीला संघ नसतो.

सरकारी दृष्टी कुठे आहे, हे बक्षिसांवरून कळते. २०२२ च्या विजयानंतर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने संघाला एक कोटी रुपये जाहीर केले, पण त्यासाठी नियम शिथिल करावे लागले. महाराष्ट्राचा अनुभव याहून बोचरा आहे. जुलै २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघाला राज्य सरकारने ११ कोटी रुपये जाहीर केले, विधान भवनात मुंबईच्या खेळाडूंचा सत्कार झाला. तेव्हा चिराग शेट्टी यांनी जाहीरपणे विचारले की, थॉमस चषकही विश्वचषकाच्या तोलाचाच, आणि त्या संघातील महाराष्ट्राचा एकमेव खेळाडू मी, मग माझी दखल का नाही? क्रिकेटपटूंना मिळाले याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. माझीही नाही. पण दुहेरी खेळायची की एकेरी, याचा निर्णय तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे आईवडील घेतात आणि ते असल्या बातम्या वाचतात.

‘टॉप्स’ या केंद्राच्या योजनेत पदकाची शक्यता पाहून खेळाडू निवडले जातात. देशातील तिसऱ्या क्रमांकाच्या जोडीला त्या निकषावर पदकाची शक्यता कधीच नसते. ती दोन वर्षे एकत्र खेळू शकली, तरच निर्माण होते. म्हणून जोडी हेच एकक मानून, तिसऱ्या-चौथ्या जोडीपर्यंत निश्चित मुदतीचा निधी देणे, ही मोठ्या खर्चाची मागणी नाही. तिच्यासाठी नवे स्टेडियमही लागत नाही.

आशेच्या खुणा आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत शाह आलममध्ये महिला संघाने आशियाई सांघिक विजेतेपद पटकावले. अंतिम लढतीत थायलंडविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना जागतिक क्रमवारीत ४७२ व्या स्थानी असलेली १७ वर्षांची अनमोल खरब कोर्टवर उतरली आणि सरळ गेममध्ये जिंकली. त्याच लढतीत त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद यांनी आपला सामना जिंकला होता. दुसरी जोडी, नेहमीप्रमाणे, हरली होती. २०२५ मध्ये गुवाहाटीत कनिष्ठ गटाच्या जागतिक मिश्र सांघिक स्पर्धेत भारताला प्रथमच पदक मिळाले. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीत ध्रुव कपिला आणि गोव्याच्या तनिषा क्रास्टो यांनी उपान्त्यपूर्व फेरी गाठली. ग्लासगोच्या २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतून बॅडमिंटन वगळण्यात आले आहे, त्यामुळे सांघिक पदकाचा सोपा मार्गही यापुढे उरलेला नाही. गुवाहाटीच्या त्या कांस्यविजेत्या संघातील किती मुलेमुली आणखी तीन वर्षांनी त्याच जोडीदारासोबत खेळत असतील, हे आता त्यांच्या प्रशिक्षकांइतकेच निधी वाटणाऱ्यांच्या हातात आहे.