स्थानके ओस पडत नाहीत

अलीकडच्या मराठी ललित लेखनात पडक्या रेल्वे स्थानकाला बरे दिवस आले आहेत. कोल्हापूर-मिरजेकडची हौशी मंडळी मिरज-पंढरपूर मार्गाच्या कडेने जुन्या नॅरोगेजच्या खुणा शोधत हिंडतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आमची तक्रार आहे ती परतल्यावर लिहिल्या जाणाऱ्या लेखांविषयी. भिंतीत रुजलेला पिंपळ, उखडलेला फलाट, बुजलेली तिकीटखिडकी, आणि शेवटी 'काळाच्या ओघात ओस पडलेले स्थानक'. या शेवटच्या शब्दांना आमचा आक्षेप आहे.

'ओस पडणे' हे अकर्मक क्रियापद आहे. त्यात ओस पडणारा दिसतो, ओस पाडणारा वाक्यात येतच नाही. दुष्काळाने किंवा साथीने उठलेल्या गावाला ते शोभेल. स्थानक मात्र कागदावरच्या निर्णयाने, ठरलेल्या तारखेला बंद होते. कोल्हापूरला रेल्वे आपोआप आली नाही. संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मार्ग बांधला, १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. आणणाऱ्याचे नाव आपल्याला पाठ. नेणाऱ्याचे नाव मात्र 'काळ'!

बार्शी लाइट रेल्वेचाच इतिहास पाहावा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली ही अडीच फुटी रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. १९५४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली आणि २००० नंतरच्या दशकभरात टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण झाले.

हे रुंदीकरण म्हणजे अन्याय होता, असे आम्ही म्हणत नाही. रुळांचे माप बदलते तेथे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. मिरजेला तर एके काळी तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत. तो खोळंबा संपला. नॅरोगेजने बाजूला ठेवलेले उस्मानाबाद, आजचे धाराशिव, नव्या मार्गावर आले. परंतु व्यापाऱ्याची ज्या खोळंब्यातून सुटका झाली, त्याच खोळंब्यावर हमालाची चूल पेटत होती. या जमाखर्चाची एकही ओळ आमच्या ललित लेखात सापडू नये, याला हळुवारपणा म्हणावे की आळस?

याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात, याच मापाचा मार्ग बांधला. १९०४ मध्ये सुरू झालेला हा मार्ग १९३४ मध्ये तोट्यामुळे बंद झाला. १९३७ मध्ये रुळांच्या जागी पायवाट खुली झाली, आणि हल्म एंड स्थानकाच्या इमारतीत आज प्रवाशांसाठी माहिती केंद्र आहे. रेल्वे तेथेही टिकली नाही. पण बंद करणे हा एक निर्णय आणि बंद केल्यावर त्या जागेचे काय करायचे हा दुसरा, एवढे भान तेथे राहिले. काहीच न करणे हाही निर्णयच असतो. आपण त्याला 'नियती' म्हणून मोकळे होतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी पडक्या स्थानकांवर लिहू नये, असे आमचे म्हणणे नाही. जरूर लिहावे, मात्र छायाचित्र काढण्यापूर्वी शेजारच्या वस्तीत जाऊन बसावे. या मार्गावर चाकरी केलेले गँगमन, पॉइंट्समन, याच गाडीने पंढरीला गेलेले वारकरी आज वृद्ध आहेत, पण आहेत. गाडी किती वाजता येई, वारीच्या दिवसांत डब्यांत काय स्थिती असे, शेवटच्या गाडीनंतर कोणाला गाव सोडावे लागले, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. भिंतीतला पिंपळ आणखी दहा वर्षे थांबेल. ही माणसे थांबणार नाहीत.