सेवक, निम, कंत्राटी : पहिल्या नोकरीची भाषा

डी.एड. होऊन बाहेर पडलेल्या मुलाला गावातले लोक पहिल्या दिवसापासून 'गुरुजी' म्हणू लागतात, मुलीला 'बाई'. शासन मात्र हे नाव इतक्या सहजी देत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत नव्या शिक्षकासाठी शासकीय मराठीने घडवलेले शब्द एका ओळीत मांडून पाहावेत : शिक्षणसेवक, निमशिक्षक, वस्तीशाळा स्वयंसेवक, तासिका तत्त्वावरील शिक्षक, कंत्राटी शिक्षक. वर्गात फळ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला शिक्षक म्हणण्याचे टाळावे, यासाठीच जणू ही सारी शब्दनिर्मिती झाली आहे.

यांतला 'शिक्षणसेवक' हा शब्द मला सर्वांत धूर्त वाटतो. पुणे जिल्ह्यात 'सेवक' या शब्दाला एक कुळी आहे. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सेवक होणारा माणूस अल्प निर्वाहवेतन आपणहून पत्करत होता. त्या त्यागातूनच शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा ती प्रतिष्ठा उसनी घेतली गेली आणि त्याग तेवढा सक्तीचा झाला. प्राथमिक शाळेतल्या सेवकाला तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपये. त्याला वेतन म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. म्हणजे कमी दिले तरी मान राहतो! पुढे ही रक्कम सहा हजार झाली आणि दहा-अकरा वर्षे तिथेच थांबली. २०२३ मध्ये ती सोळा हजारांवर गेली, माध्यमिकसाठी अठरा आणि उच्च माध्यमिकसाठी वीस. एवढ्या काळात किराणा, खोलीभाडे आणि एसटीचे तिकीट कुणासाठी थांबले नव्हते. काम मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण शिक्षकाचे : तोच वर्ग, तेच शालेय पोषण आहाराचे हिशेब, निवडणुकीची तीच ड्युटी. कामात कुठे 'सेवक' आणि कुठे 'शिक्षक' हा भेद दाखवता येत नाही, तो फक्त पगारपत्रकात दिसतो.

'निमशिक्षक' हा त्या मानाने प्रामाणिक शब्द म्हणायचा. वाड्यावस्त्यांवरच्या वस्तीशाळांत गावातल्याच तरुणांना नेमले, हजार रुपयांच्या घरात मानधन दिले आणि त्यांना अर्धे शिक्षक म्हटले. मुले मात्र पूर्ण होती. यांतल्या अनेकांना नियमित शिक्षक म्हणवून घ्यायला २०१४ साल उजाडावे लागले.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत या भाषेचा व्यवहार जवळून पाहता येतो. घोडनदीच्या अलीकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर ही कारखान्यांची गावे. तिथे मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेतून आलेल्या कामगारांची मुले शाळेत दाटीवाटीने बसतात. त्याच तालुक्यातल्या एखाद्या आडवळणाच्या वाडीत पट दहा-बारावर आलेला असतो. दौंडकडे भीमेच्या काठी ऊस, गुऱ्हाळे, साखर कारखाने; तिथे पट हंगामाप्रमाणे भरतो आणि ओसरतो. शिक्षकाचे पद मात्र संचमान्यतेतून ठरते, म्हणजे ठरावीक तारखेच्या पटावरून. पट घसरला की कुणीतरी 'अतिरिक्त' ठरतो, त्याचे समायोजन आधी, नवी भरती नंतर. तालुक्यात वर्ग शिक्षकावाचून आहे आणि त्याच तालुक्यातला पात्र उमेदवार औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे पाळी करतो आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्या यामुळे.

शिवाय थांबण्याचा हिशेब आहे. २ मे २०१२ च्या निर्णयाने शिक्षकभरती थांबली. त्याआधीच्या दशकात डी.एड. विद्यालयांचे उदंड पीक आले होते. त्यांतून बाहेर पडलेली एक अख्खी पिढी या बंद दारापुढे उभी राहिली. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली. २०१७ मध्ये 'पवित्र' नावाचे संकेतस्थळ आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली अभियोग्यता चाचणी. दुसरी चाचणी झाली ती २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. तिच्या आधारे एकवीस हजारांहून अधिक पदांच्या जाहिराती निघाल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे अकरा हजारांची पहिली शिफारस यादी लागली. दोन चाचण्यांत पाच वर्षांहून अधिक अंतर! बावीसाव्या वर्षी पदविका घेतलेला उमेदवार या अंतरात सत्तावीस वर्षांचा होतो.

तरीही 'पवित्र'ची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. त्याआधीची व्यवस्था काय होती हे ग्रामीण भागात कुणाला सांगावे लागत नाही. खासगी अनुदानित शाळेतली जागा म्हणजे एक रक्कम असे, आणि ती रक्कम उभी करायला कुठे एकराचा तुकडा जाई, कुठे आईच्या अंगावरचे सोने. लग्नाच्या बैठकीतही तिचा उल्लेख होई. गुणांची यादी सर्वांना दिसणे ही या व्यवस्थेवरची पहिली खरी चोट होती. खासगी संस्थांसाठी मुलाखतीची वाट अजून ठेवली आहे, ती मला खटकते. पण यादी आहे, हे महत्त्वाचे. दारे बंद केली की पैसा खिडकीतून येतो, हेही खरेच. २०१९-२० च्या पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार पुणे सायबर पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघड केला आणि पुढल्या वर्षी सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. त्या बातमीनंतर प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांच्या प्रमाणपत्राकडेही लोक संशयाने पाहू लागले. त्याची भरपाई कुठल्या परिपत्रकात होत नाही.

दौंड तालुक्यात केडगाव आहे, म्हणून एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका तयार करण्याची मागणी केली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले. शिकवण्याची नोकरी म्हणजे विधवेच्या हातात येणारा स्वतःचा पैसा, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्रातल्या स्त्रीसाठी शिक्षिकेची पहिली नोकरी ही तेव्हापासून केवळ उपजीविका राहिलेली नाही. कुणाच्या घरात किती काळ आश्रिताप्रमाणे राहायचे, याचा तो निर्णय असतो. आज केडगाव-यवतच्या पट्ट्यात डी.एड. झालेल्या मुलीला भरतीसाठी चार वर्षे थांबायला सांगणे म्हणजे काय, ते यावरून समजावे. मुलगा थांबला तर कारखान्यात जातो. मुलगी थांबली की स्थळे येऊ लागतात, आणि यादीत नाव लागते तेव्हा शाळा पालघरला आणि सासर पाटसला असते. मग आंतरजिल्हा बदलीची वाट. ती पहिल्या नोकरीच्या वाटेपेक्षाही लांब.

चाचणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्यावी, रिक्त पदे जून उजाडण्यापूर्वी जाहीर व्हावीत आणि परिवीक्षेचा काळ ठेवायचाच असेल तर तो पूर्ण वेतनावर ठेवावा. इतर अनेक खात्यांत नवा कर्मचारी परिवीक्षेवर असतोच. त्याला तिथे कुणी सेवक म्हणत नाही.