रेतीचा दाखला

कांगोच्या पूर्वभागातील कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने कोणत्या खाणीतून निघाले व वाटेत कोणत्या सशस्त्र टोळीची खंडणी भरून बाजारात आले, याचा तपास करण्याचे उत्तरदायित्व अमेरिकेने २०१० च्या कायद्याने आपल्या कंपन्यांवर टाकले आणि युरोपीय संघाने २०२१ पासून आपल्या आयातदारांवर तसेच बंधन घातले, हे वाचून ठाकुर्लीच्या नव्या सदनिकेत राहणाऱ्या सुजाण गृहस्थास समाधान वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या भिंतीला टेकून तो हे वाचतो तिच्यातील रेती कोठून आली, हे त्याने कधी बिल्डरला विचारल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

उत्तर फार दूर नसावे. ठाकुर्लीच्या पलीकडे उल्हास नदीची खाडी आहे, आणि डोंबिवलीचे रेतीबंदर, कोपर, दिवा, मुंब्रा अशा तिच्या काठाकाठाने हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पूर्वी तो हातपाटीचा होता : होडी नांगरायची, बुडी मारून तळाशी जायचे आणि बादली भरून वर यायचे, छातीच्या दमाला मर्यादा असल्यामुळे उपशालाही आपोआप मर्यादा पडे. पुढे सक्शन पंप आले, आणि पंपाला दम लागत नाही. तळ खरवडला जाऊन काठ ढासळू लागले, खारफुटी उन्मळू लागली, आणि जेथे लोहमार्ग खाडीला अगदी लगटून जातो तेथे भरावाखालच्या जमिनीचीही चिंता वाहावी लागली.

कायदा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १९५७ च्या खनिज अधिनियमान्वये रेती गौण खनिज ठरली असून तिचे नियमन राज्याकडे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४८ विनापरवाना उपशाबद्दल बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली राज्यभर उपशास मनाई केली, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. बेकायदा उपशाविरुद्धच्या लढ्यात पुढे असलेल्या सुमैरा अब्दुलाली यांच्यावर २००४ साली अलिबागजवळच्या किहीम येथे हल्ला झाला होता, हेही विसरता येत नाही. अंमलबजावणीही होते : तहसीलदारांचे पथक धाड घालते, पंचनामा होतो, बार्ज गॅस कटरने कापून बुडवला जातो, त्यावरचे मजूर, जे बहुधा परप्रांतीय आणि सर्वांत गरीब असतात, पाण्यात उड्या टाकून तिवरांत नाहीसे होतात. बार्जचा धनी क्वचितच दिसतो. रेतीचे गिऱ्हाईक तर कागदावर कोठेच नसते.

माझ्या मते दुखणे येथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले की विनापरवाना रेती उपसणे हा खनिज कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय तेथे चोरीचा गुन्हाही चालू शकतो. आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार ठरतो, हे आपल्या फौजदारी कायद्याचे जुने तत्त्व आहे. व्यवहारात उलटेच घडते. सरकारी कामांत कंत्राटदाराने रेतीचे वाहतूक पास हजर केले नाहीत तर त्याच्या बिलातून स्वामित्वधन वळते करून घेण्याची वहिवाट आहे; म्हणजे माल कोठला, हा प्रश्न सरकार स्वतःच पैसे घेऊन निकालात काढते! २०२३ साली ६०० रुपये ब्रासने रेती देण्याचे धोरण आले, २०२५ साली पुन्हा लिलाव आले, जोडीला दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन मिळाले. पण तो दगड कोणत्या डोंगराचा, हे विचारणे राहतेच. याच ठाकुर्लीत रेल्वेच्या वीजगृहासाठी कोळसा वाघिणींतून येत असे आणि त्याची नोंद होत असे, तेव्हा मोजदादीची कला आपणांस अवगत नाही असे नव्हे.

पास तपासून काय उपयोग, एका पासावर अनेक खेपा होतात, हा आक्षेप खरा आहे; परंतु इमारतीचे क्षेत्रफळ ठाऊक असता तिला किती ब्रास रेती लागावी हे कोणताही अभियंता सांगू शकतो आणि पासांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहता येते. म्हणून कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबत रेती-खडीचे वाहतूक पास मागावेत आणि हिशेब जुळेपर्यंत प्रमाणपत्र अडवून ठेवावे. तोवर, वाचकहो, घराचा करारनामा करण्यापूर्वी बिल्डरच्या कचेरीत ते पास तुम्हीच पाहावयास मागा.