वेशीबाहेरचे संगमनेर

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या मुलाने वेगळे बिऱ्हाड थाटले. नोकरी संगमनेरातच, मुलीची शाळाही इथलीच. घर मात्र हद्दीबाहेर, शेजारच्या एका गावात. पेठेतल्या दोन खोल्यांचा भाव विचारून आला तेव्हा एवढेच म्हणाला, "आप्पा, कर्ज फिटेपर्यंत पोरगी लग्नाची होईल." मी काय बोलणार? आमच्या वाड्यात तीन भावांचे संसार. भिंती काही ताणता येत नाहीत.

ही एका घराची गोष्ट नाही. २००१ च्या जनगणनेत संगमनेर नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ६२ हजार माणसे होती. २०११ मध्ये ती सुमारे ६६ हजार झाली. दहा वर्षांत वाढ जेमतेम सहा टक्के. त्याच काळात महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. पुणे-नाशिक रस्त्यावरचे, साखर कारखाना, दूधधंदा आणि महाविद्यालये असलेले गाव असे खुंटेल कसे? ते खुंटले नाही, हद्द ओलांडून गेले. २०११ च्या जनगणनेने शेजारची घुलेवाडी 'शहर' म्हणून मोजली. कारभार तेव्हा ग्रामपंचायतीचाच होता.

मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून ११० लाखांवर गेली. गिरण्या बंद पडल्या हे खरेच. पण ज्यांचे काम मुंबईतच राहिले, त्यांनाही घर परवडले ते विरार-बदलापूरकडे. उरलेली किंमत ते रोज लोकलमध्ये उभे राहून मोजतात.

आपल्याकडेही तसेच. जुन्या पेठेत जागा मोजकी, एकेका वाड्याला वारस अनेक. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याची धास्ती अशी, की १९९९ मध्ये नवा कायदा आला तरी पुष्कळ मालक भाडेकरूपेक्षा कुलूप बरे मानतात. वेशीबाहेर मात्र शेताचे गुंठे पडतात. तुकडेबंदीचा कायदा आडवा असूनही राज्यभर ते इतके विकले गेले, की २००१ मध्ये सरकारला गुंठेवारी नियमित करण्यासाठी कायदा करावा लागला. स्वस्त घराची बाकी मग पेट्रोल, टँकर आणि कागदपत्रांच्या चकरा यांतून फेडावी लागते.

परवडणारे घर मिळाले नाही म्हणून माणूस संसार थांबवत नाही. तो पुढे सरकतो. थांबतात ते नळ, गटार आणि रस्त्यांचे आराखडे, नेमके हद्दीच्या रेषेवर. शहर आणि लगतची गावे यांचा विचार एकत्र झाला, पेठेतली कुलूपबंद घरे रास्त भाड्याने उघडली, तर ही ओढाताण बरीच कमी होईल.

मुलाच्या दारात अजून नळ नाही. शाळा सुटली की नात वाड्यावर येते आणि जाताना दप्तराबरोबर पाण्याच्या दोन बाटल्या भरून नेते. शिरगणतीच्या हिशेबात मात्र ती आमच्या गावची नाही.