दुसरा कॅमेरा, दुसऱ्याच्या हातचा

ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरले, की सानपाडा-नेरूळ पट्ट्यातील पाणथळींवर पहाटेपासून छायाचित्रकारांची वर्दळ सुरू होते. २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर दर्जा लाभलेल्या या खाडीने नवी मुंबईत हौशी पक्षीछायाचित्रकारांची एक पिढीच घडवली. या मंडळींच्या खांद्यावरचे ओझे मात्र हौसेला साजेसे नाही. निकॉन डी ५०० सारखी बॉडी ८६० ग्रॅमची, तिला २००-५०० मि.मी.ची लेन्स जोडली की एकूण वजन तीन किलोंपलीकडे जाते. ऐनवेळी कॅमेरा बंद पडला तर हाताशी दुसरा हवा. पण तोही तितकाच जड असेल, तर तो घरीच राहतो. साहजिकच वापरलेला, हलका मिररलेस कॅमेरा घेण्याकडे कल वाढला आहे.

अशा कॅमेऱ्यांचा पुरवठाही वाढला, त्याला कारण आहे. २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी १ ने आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांची वाट खुली केली. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ मध्ये मोठ्या सेन्सरचे मिररलेस बाजारात आणले आणि जुने मिररलेस विकून नवे घेण्याची लाट आली. त्यातले बरेच कॅमेरे धडधाकट आहेत. सोनीचा २०१४ चा ए ६००० बॅटरीसह जेमतेम ३४४ ग्रॅमचा.

तथापि, स्वस्ताईचे खरे मर्म बॉडीत नसून माउंटमध्ये असते. निकॉन १ ही मालिका २०११ मध्ये आली आणि २०१८ मध्ये संपली. कॅननची ईओएस एम मालिकाही आता बंद झाली असून तिच्या लेन्स नव्या आरएफ माउंटवर बसत नाहीत. असा कॅमेरा कवडीमोलाने मिळाला तरी त्याच्याबरोबर एक बंद वाटही विकत घेतली जाते. याउलट सोनीचा ई माउंट २०१० पासून चालू आहे. निकॉनच्या लेन्स बाळगणाऱ्याने ४५० ग्रॅमचा झेड ५० घेतल्यास एफटीझेड अडॅप्टरवर त्याच्या एएफ-एस लेन्स स्वयंफोकससह चालतात. मात्र, बॉडीतील मोटरवर अवलंबून असलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हातानेच फिरवावा लागतो. हलकेपणाचेही तसेच. दोन किलो तीनशे ग्रॅमची तीच लेन्स लावायची असेल, तर बॉडीत वाचलेले चारशे ग्रॅम हाताला फारसे जाणवत नाहीत. फायदा होतो तो पिशवीत, आणि सोबत एखादी छोटी लेन्स असेल तर.

आता प्रश्न तपासणीचा. विक्रेता शटर काउंट मोठ्या विश्वासाने सांगतो. पण मिररलेसच्या बाबतीत हा आकडा अर्धेच सत्य सांगतो. चित्रीकरणाचे तास त्यात मोजले जात नाहीत. लग्नसराईत हंगामभर व्हिडिओसाठी राबलेला कॅमेरा कागदावर नवाकोरा दिसू शकतो. म्हणून आकड्यापेक्षा खुणा बघाव्यात: एचडीएमआयचे सैल झालेले तोंड, फ्लॅशच्या बैठकीवरील झीज, बॅटरीचे ढिले झाकण. लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो, त्यामुळे पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ १६ वर काढून धुळीचे ठिपके पाहावेत. व्ह्यूफाइंडरच्या भिंगातून ऊन आत पडून आतला छोटा पडदा करपलेला असू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. खाडीकाठच्या दमट हवेत, दोन-तीन पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते. टॉर्चच्या उजेडात आरपार पाहिल्याशिवाय ती दिसत नाही.

व्यवहाराची बाजू याहून नाजूक आहे. अनोळखी माणसाशी स्थानकाबाहेर झालेल्या सौद्यात माल कसा निघेल, याची जोखीम जवळपास पूर्णपणे ग्राहकाचीच असते. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याची मूळ भूमिकाही घेणाऱ्याने पाहून घ्यावे अशीच आहे. माल चोरीचा निघाला आणि तसे समजण्यास कारण होते असे दिसले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ लागू होऊ शकते. त्यामुळे मूळ बिल व त्यावरील अनुक्रमांक कॅमेऱ्याशी जुळवून घेणे अटळ ठरते.

सानपाड्याहून हार्बर गाडीने थेट सीएसएमटी गाठून बोरा बाजारात जाणाऱ्यालाही ‘बिल नको, अठरा टक्के वाचतील’ हा सल्ला मिळू शकतो. तो फसवा आहे. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी २०१९ च्या आरंभी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे. पण वापरलेल्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसेल, तर त्याला पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतील फरकावरच कर भरण्याची मुभा आहे. बिलाने किंमत वाढते ती थोडीच, आणि तक्रार करण्याची वेळ आली तर हाती कागद राहतो.

उरलेले पैसे बॅटऱ्यांवर खर्च करणे इष्ट. डी ५०० एका चार्जिंगवर प्रमाणित चाचणीत १,२४० छायाचित्रे काढतो. ए ६००० व्ह्यूफाइंडर वापरल्यास ३१०.