आढाव्याआधी प्रश्न

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींवरील साहित्य आढावा नेमक्या प्रश्नापासून सुरू होतो. 'नोंदी उपयुक्त आहेत का?' हा प्रश्न फार ढोबळ. 'ग्रामीण रुग्णालयात त्यांमुळे औषधांच्या चुका घटतात का?' याचा शोध घेता येतो. मग पबमेडसारख्या सूचींतला शोध, निवडीचे निकष आणि वगळलेल्या लेखांचा हिशेब. आढाव्यात काय नोंदवावे हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० यादीत अशा २७ बाबी आहेत. पण खरी कसोटी स्थळकाळाच्या संदर्भाची. २००९च्या हायटेक कायद्यानंतर अमेरिकेत या नोंदींना सरकारी अनुदान मिळाले. भारताची या नोंदींसाठीची मानके २०१३मध्ये आली, २०१६मध्ये सुधारली. त्यामुळे अमेरिकेतले निष्कर्ष सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाला जसेच्या तसे लावणारा आढावा, संदर्भसूची कितीही लांब असो, कच्चाच ठरतो.